कोकणात राहून सिनेमा आणि जॅझ ऑर्केस्ट्रासाठी अरेंजर होता येईल का?

तुम्ही कुडाळजवळ राहता, गणपतीत बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवता, चाली सुचतात. अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देणारा, व्हायला काय शिकावं आणि त्यासाठी नोकरी सोडावी का, असं विचारलंय. मी वेंगुर्ल्याचा. बरीच वर्षं मुंबईत हेच काम केलं, आता बहुतेक घरूनच करतो. आधी नोटेशन लिहायला शिका. स्टाफ नोटेशन, पाच रेघांवरचं. बाकीचं मागाहून.

चाली सुचणारे पुष्कळ असतात. संगीतकार पेटीवर मुखडा-अंतरा गाऊन दाखवतो. मधले म्युझिक पीस कधी तो सांगतो, कधी "तूच बघ" म्हणतो. गाण्यामागे व्हायोलिननी काय वाजवायचं, ट्रंपेट कुठे येणार, कोण गप्प बसणार, हे सगळं कागदावर उतरवायचं काम अरेंजरचं. बँजो पार्टीत सगळे मिळून एकच चाल जीव तोडून वाजवतात. तिथून आलेल्याला गप्प बसवणं सगळ्यात जड जातं.

हिंदी सिनेमात गोव्याची माणसं याच कामात का पुढे होती? चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशनसाठी अरेंजिंग केलं. जुनी गाणी ऐकताना गायकाच्या ओळीमागे व्हायोलिन स्वतंत्रच काहीतरी बोलत असतात, तिकडे कान द्या. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी 1958 मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर लिहिलेल्या रचना सादर केल्या. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट हॉटेलांत जॅझ वाजवत आणि सी. रामचंद्रांकडेही. दोन्हीकडे चालणारी गोष्ट एकच होती, नोटेशनचा कागद. श्रेयनामावलीत मात्र ही माणसं 'सहाय्यक' म्हणून बारीक अक्षरांत, नाहीतर मुळीच नाहीत. हे आजही फार बदललेलं नाही, तेव्हा नावासाठी येणार असाल तर येऊ नका.

आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, मग नोटेशन कशाला, असं तुम्ही म्हणाल. 'सैराट'चं संगीत (2016) लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. अशा ठिकाणी स्टुडिओचं भाडं मिनिटामिनिटानं चढत असतं. वादक समोरचा कागद बघून थेट वाजवतात, "जरा असं, ऊंऊं" करून समजवायला वेळच नसतो. चुकून पडलेलं एक फ्लॅटचं (स्वर उतरवायचं) चिन्ह सापडेपर्यंत सगळा ताफा बसून राहतो, आणि बिल निर्मात्याला जातं.

जॅझ बिग बँडमध्ये तर कागदाशिवाय पान हलत नाही. साधारणपणे पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो-बास-ड्रम्स-गिटार. त्यात बी फ्लॅट ट्रंपेटसाठी प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक टोन वर लिहायचं. म्हणजे सी (स्वरांची ही पाश्चात्त्य नावं) ऐकू यायला हवा तर डी लिहा. आल्टो सॅक्सोफोनला त्याच सीसाठी ए लिहावा लागतो. ट्रॉम्बोनला जसं आहे तसं. पाच सॅक्सोफोनची हार्मनी लिहिताना सगळ्यात वर चाल ठेवून बाकीचे स्वर तिच्याखाली जवळजवळ रचतात. फार दाट वाटलं तर वरून दुसरा स्वर एक सप्तक खाली टाकायचा, की लगेच हवा खेळते.

कीबोर्डवर मात्र एक गोष्ट कधीच कळत नाही. मालवणकडचे एक वयस्क ट्रंपेटवाले आहेत, लग्नात आणि चर्चमध्ये वाजवतात. शिकणाऱ्या पोरांचे कागद मी त्यांच्यासमोर ठेवतो. ते चष्मा लावतात, वाजवत नाहीत, बोट ठेवून पानभर जातात आणि विचारतात, "श्वास खंय घेवचो रे?" कीबोर्डवाल्याच्या ट्रंपेटला फुप्फुसं नसतात! शिवाय सतत वरच्या पट्टीत ठेवलं की ओठ दमतात, मग शेवटच्या ओळीला, नेमका जिथे जोर हवा तिथे, स्वर फुटतो. असा एक माणूस गाठा. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, कुठेही सापडेल.

म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरी त्यावर दशावतारातलं एखादं पद दोन ट्रंपेट, आल्टो आणि ट्रॉम्बोनसाठी लिहून बघा. आठवड्याला एक, लहानच. थिअरीसाठी पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. सावंतवाडीहून तेवढं जाऊन-येऊन करता येतं.

नोकरी इतक्यात सोडू नका. पैसे बहुधा गाण्यामागे ठरतात आणि उशिरा येतात, लहान मराठी सिनेमात तर फारच उशिरा. प्रोग्रॅमिंग (कॉम्प्युटरवर वाद्यं वाजवून देणं), नोटेशन आणि कधी मिक्सिंगही त्याच पैशांत मागतात, म्हणून काय काय द्यायचं ते आधी लिहून घ्या आणि निम्मे पैसे हातात आल्यावरच फाइल पाठवा. वर्षभर सलग दुसऱ्याचे कागद लिहायचं काम मिळत राहिलं, की मग घरात विषय काढा.