अण्णांचं पोर्ट्रेट पहिल्यांदाच काढतोयस तर

भावा, पहिलंच पोर्ट्रेट आणि थेट कर्मवीर अण्णांचं (भाऊराव पाटलांचं), भारीच! २२ सप्टेंबरच्या जयंतीला द्यायचंय तर आत्ता दोनच गोष्टी धर.

१. व्हॉट्सॲपवर फिरून धुरकट झालेला फोटो घेऊ नको. चांगला प्रिंट काढ, ग्राफ मारून (सारखे चौकोन आखून) आधी नुसतं ड्रॉइंग बसव, डोळ्यांतलं अंतर चुकलं की रंग कितीही लाव, अण्णांच्या जागी दुसरेच कोणतरी आजोबा दिसतात (माझे झालेत).

२. दाढी! सगळे ट्यूबमधला पांढरा थापतात, मग कापूस चिकटवल्यागत दिसतं. आधी निळसर राखाडी सावली लाव, एकेक केस काढत बसू नको, पांढरा अगदी शेवटी, उजेड पडतो तिथंच दोनचार फटकारे.

ॲक्रेलिक वाळल्यावर जरा गडद होतं, घाबरू नको. आणि मागं अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हातलं वडाचं झाड आत्ता नको, पुढच्या वेळी बघू.