सोलापुरात छोटं हॉटेल काढतोय, खोल्यांमध्ये काय दिलं तर पाहुणे पुन्हा येतील?

स्टेशनजवळ १८ खोल्यांचं हॉटेल काढताय आणि यादीत लिहिलंय: स्मार्ट टीव्ही, मिनी फ्रिज, वेलकम ड्रिंक, वायफाय, बेडवर टॉवेलचा हंस. मी त्या हंसापाशीच अडकले, म्हणून हे उत्तर लिहायला बसले. हंस राहू द्या. त्या टॉवेलने अंग कोरडं होतं का, ते आधी बघा.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होते. सासरी स्टेशनजवळ लॉज. म्हणजे ज्या गावात टॉवेल विणला जातो त्याच गावात तो पाहुण्याला कसा दिला जातो, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. आणि दुसरी बाजू बघून मला लाज वाटायची.

आमच्याकडे थोरल्या भाऊजींचा नियम होता की खोलीत टॉवेल ठेवायचा नाही. काउंटरवर शंभर रुपये डिपॉझिट ठेवा, टॉवेल घ्या, जाताना परत करा. कारण काय, तर लोक चोरतात. आणि तो टॉवेल तरी कसा? धुऊन धुऊन विरलेला, बोअरच्या जड पाण्याने पापडासारखा कडक झालेला.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, यवतमाळकडचं एक कुटुंब पहाटेच्या गाडीने उतरलं. आजी, मुलगा, सून. अंघोळ करून त्यांना अक्कलकोटला निघायचं होतं. आजी न्हाणीघरात गेल्यावर मुलगा टॉवेलसाठी खाली आला. त्याच्याकडे पाचशेची नोट, गल्ल्यात सुट्टे नाहीत. काउंटरवरच्या पोराला सक्त ताकीद होती, डिपॉझिटशिवाय टॉवेल सोडायचा नाही. त्याचीही चूक म्हणता येणार नाही, पगारातून कापून घेतले असते. मुलगा सुट्टे आणायला स्टेशनपर्यंत गेला आणि तेवढ्यात आजींनी अंगावरच्या ओल्या लुगड्यानेच अंग पुसलं. थंडीत, सत्तरीच्या बाईने. मी वर पोचले तेव्हा त्या कुडकुडत पलंगावर बसल्या होत्या. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट मलाच विचारलं, "बाई, नातीच्या लग्नात द्यायला चांगली चादर कुठं मिळेल? इथं टॉवेलपण विणतात ना?"

हो, विणतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. इथले टॉवेल परदेशात जातात. मी त्यांना दुकान सांगितलं, माझी शाल दिली आणि खाली येऊन सगळ्यांसमोर भाऊजींशी भांडले.

त्यानंतर वडिलांच्या ओळखीने कारखान्यातून पांढरे टॉवेल आणले. पांढरेच का, तर कडक गरम पाण्यात धुता येतात, रंग जायची भीती नाही आणि डाग लपत नाही, म्हणून पाहुण्यालाही विश्वास वाटतो. ४५० ते ५०० जीएसएमचे घ्या, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तेवढे ग्रॅम. त्याहून जाड टॉवेल हातात भारी लागतो, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि वास मारतो. प्रत्येक खोलीमागे तीन जोड धरतात: एक खोलीत, एक धुण्यात, एक कपाटात. सोलापुरात चौथा जोड ठेवा, कारण नळाला रोज पाणी येत नाही आणि धुणं तुंबतं.

दुकानात सगळ्यात मऊ लागेल तो टॉवेल उचलू नका. तो मऊपणा बहुतेक वेळा सिलिकॉनच्या फिनिशचा असतो आणि तसा टॉवेल पाणी ओढत नाही, अंगावर नुसता फिरतो. टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक घट्ट ताणलेला, एक सैल. सैल बीमच्या धाग्याचे फासे वर उभे राहतात आणि पाणी ओढायचं काम तेच करतात. त्यांच्यावर फिनिशचा थर बसला की काम संपलं. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर ओतला तरी तेच होतं. जड पाण्यात साबणाचा चोथा फाशांत अडकून टॉवेल कडक होतो. म्हणून साबण कमी घाला, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका. भाऊजी साबण वाढवत गेले आणि टॉवेल आणखी कडक होत गेले. मी सांगितलं तर म्हणाले, बायकांनी लॉज चालवायला शिकवू नये.

चोरीबद्दलही लिहितेच. टॉवेल गेले, नाही असं नाही. पण बहुतेकांना तो आवडला म्हणून गेला. मग मी तेच टॉवेल काउंटरवर विकायला ठेवले. लोक एकाऐवजी चार घेऊन जाऊ लागले आणि खोलीतला खोलीत राहू लागला. भाऊजी अजूनही लग्नकार्यात नातेवाइकांना सांगतात की वहिनीने टॉवेल वाटून धंदा बुडवला. धंदा बुडालेला नाही. डिपॉझिटची पाटी काढल्यावर अक्कलकोट-तुळजापूर करणारी कुटुंबं दरवर्षी फोन करून खोली धरायला लागली. भाऊजी, तुमच्यापर्यंत हे कुणी पोचवलं तर नीट वाचा. प्रत्येक पाहुण्याला चोर धरून चालणं हा अपमान आहे आणि तो आपण वर्षानुवर्षं केला.

तुमच्या यादीतलं बाकीचं थोडक्यात. वायफाय द्याच. फ्रिज नको, त्यापेक्षा मजल्यावर थंड पाण्याचा जार ठेवा. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो आणि लोकांना पाणी लागतं, तेही भरपूर. वेलकम ड्रिंकऐवजी पहाटे चारला चहा मिळेल अशी सोय करा, कारण दर्शनाला निघणारे तेव्हाच उठतात. सोलर असेल तर पहाटे नळात आधी थंड पाणी येतं, किती वेळ सोडायचं ते भिंतीवर लिहून ठेवा. चेकआउट दुपारी बाराचं ठेवू नका, २४ तासांचं ठेवा. मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी येते आणि रात्री निघते, मधल्या वेळात माणसाने म्हातारे आईबाप आणि बॅगा घेऊन जायचं कुठं?

हे सगळं देवदर्शनाला येणाऱ्या कुटुंबांच्या हिशेबाने लिहिलंय. तुमचे पाहुणे व्यापारी किंवा कंपनीचे असतील तर टेबल, खुर्ची, पलंगाशेजारी चार्जिंगचा पॉइंट आणि बिल वेळेवर, हे आधी बघा. टॉवेल मात्र त्यांनाही लागतोच.

कारखान्यात खरेदीला जाल तेव्हा एकदा धुतलेला नमुना मागा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच आत मुरला तर घ्या. वर गोळा होऊन बसला तर, भाव कितीही पाडून दिला तरी, तो लॉट घेऊ नका.