ऑफिसच्या टीम बिल्डिंग खेळांतून आपली नेतृत्वशैली खरंच कळते का?

तुम्ही लिहिलंय की महिनाभरापूर्वी महापेच्या ऑफिसात टीम लीड झालात, येत्या शनिवारी एचआर सगळ्यांना ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर नेणार आहे, आणि दिवसभर पोरखेळ करून स्वतःबद्दल काय कळणार अशी शंका आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, कळतं. पण ज्या खेळात तुम्ही पुढे असता त्यात कमी, आणि ज्यात तुमचं तोंड बंद केलेलं असतं त्यात जास्त.

मी ऐरोलीत नोकरी करतो, टीम लीड होऊन सात वर्षं झाली. पहिल्याच वर्षी आम्हालाही येऊरलाच नेलं होतं. ठाण्याचाच असल्यामुळे मला येऊर म्हणजे रविवारी पहाटे उपवनपासून चढ चढायचा आणि खाली येऊन चहा प्यायचा, एवढंच माहीत. तिथल्या एका बंगल्याच्या अंगणात ट्रेनरने तंबूची एक हलकी काठी आणली. आम्ही दहा जण, पाच-पाच समोरासमोर. प्रत्येकाने फक्त तर्जन्या पुढे धरायच्या, त्यांवर काठी. काम काय, तर ती जमिनीवर ठेवायची. अट एकच, कोणाचंही बोट काठीपासून सुटता कामा नये.

काठी वर जायला लागली. छातीपासून हनुवटीपर्यंत, मग नाकापर्यंत. कारण अगदी साधं आहे. बोट सुटू नये म्हणून जो तो किंचित वर रेटतो, आणि सगळ्यांचा मिळून तो रेटा काठीच्या वजनापेक्षा जास्त होतो. तेव्हा हे कोणालाच सुचलं नाही. मी ओरडत होतो, "अरे खाली घ्या, खाली! कोण वर ढकलतंय?" ट्रेनर मोबाइलवर शूटिंग करत होता. जेवणाआधी त्याने ते दाखवलं. माझ्या तोंडी "कोण" किती वेळा आलं ते टेस्टिंगमधल्या एका मुलीने मोजलं: चौदा. "आपण" एकदाही नाही. आणि व्हिडिओत सगळ्यात ताठ, वर रेटणारी बोटं माझीच होती.

दुसऱ्या फेरीत ट्रेनरने मला बोलायला बंदी घातली. तीच टेस्टिंगमधली मुलगी म्हणाली, "काठीकडे बघू नका. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी थोडंसं गुडघ्यात वाकायचं." दोन-तीनदा चुकलं, मग काठी खाली टेकली. इथे "शांत मुलगी खरी लीडर निघाली" अशी गोष्ट सांगायचा मोह होतो, पण मला त्या दिवशी कळलं ते वेगळंच. गप्प राहूनही मी गप्प नव्हतो. डोळे वटारत होतो, मान हलवत होतो. ट्रेनर शेवटी म्हणाला, "साहेब, भुवयासुद्धा गप्प ठेवा." घरी सांगितल्यावर बायको इतकी हसली की विचारू नका. तिला हे लग्नापासून माहीत होतं.

जेवताना ट्रेनरने एक जुना प्रयोग सांगितला, तो मी नंतर वाचूनही काढला. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवात कर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा-दहा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. कुठे म्होरक्या हुकूम सोडणारा, कुठे मुलांना विचारून ठरवणारा, कुठे नुसता बसून राहणारा. हुकूम सोडणारा खोलीत असेपर्यंत काम होई, तो बाहेर गेला की ढेपाळे. विचारून चालणाऱ्या गटात म्होरक्या नसतानाही काम बरंचसं चालू राही. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की तीच मोठी माणसं आलटून पालटून या वेगवेगळ्या भूमिका करत होती. म्हणजे शैली काही रक्तगट नव्हे. संध्याकाळी तुम्हाला "तुम्ही लाल" किंवा "तुम्ही निळे" असा स्वभावाचा रंग ठरवणारा कागद दिला तर हसून खिशात ठेवा.

रस्सीखेच असेल तर तिच्यातून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांचा जोर मोजला होता, १९१३ मध्ये ते छापून आलं. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला, आठ जणांत तर तो एकट्याच्या जेमतेम निम्म्यावर आला. थोडा दोष ताळमेळाचा, थोडा "बाकीचे आहेतच की" या वृत्तीचा. म्हणून एचआरला आधीच सांगा, गट पाच-सहा जणांचेच करा. वीस जणांत कोण काय करतंय हे ट्रेनरलाही दिसत नाही.

आणि कोणीतरी दहीहंडीचं उदाहरण देईलच, ठाण्यात त्यातून सुटका नाही. २०१२ साली इथेच नऊ थरांचा विक्रम झाला, ४३.७९ फुटांचा. पण पथकं गुरुपौर्णिमेपासून सराव करतात, रोज रात्री, नोकऱ्या सांभाळून. एका शनिवारात ते होत नसतं. माझंच सांगतो, येऊरहून आल्यावर पहिल्याच सोमवारी रिलीज अडकलं आणि मी पुन्हा विचारलं, "कोणी केलं हे?" टेस्टिंगच्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "पंधरा."

शनिवारी ट्रेनरला विनंती करा की एका फेरीत मला मुकं ठेवा. खेळापेक्षा नंतरच्या गप्पांना जास्त वेळ मागा. आणि आपण कसे वागलो हे मॅनेजरला विचारू नका, टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाला विचारा, तेही परतीच्या बसमध्ये, एकट्याला गाठून.

वर सांगितलेली गुडघ्यांची युक्ती मात्र टीमला आधी सांगू नका, नाहीतर काठी लगेच खाली येईल आणि तुमचं काहीच दिसणार नाही. आणि डबे उघडे ठेवू नका, येऊरला माकडं फार.