ल्युसियस कोण कोण?

प्रश्न : ‘ल्युसियस’ या रोमन नावाचा अर्थ काय? ते कुणाकुणाचं होतं?

उत्तर : लॅटिनमध्ये ‘लुक्स’ म्हणजे उजेड. पहाटे जन्मलेल्या मुलाचं हे नाव, असं जुने रोमन लेखक सांगतात. हुकूमशहा सुल्ला, तत्त्वज्ञ सेनेका, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस हे सगळे ल्युसियसच. मला सर्वांत भावते ती क्लॉडियस घराण्याची हकिकत. त्यांच्यातल्या एका ल्युसियसवर वाटमारीचा आणि दुसऱ्यावर खुनाचा गुन्हा शाबीत झाला. तेव्हा घराण्याने एकमताने ते नावच टाकलं! चरित्रकार सुएटोनियसने हे नोंदवलंय. पुढे इ.स. ५० मध्ये सम्राट क्लॉडियसने ल्युसियस डोमिशियस या मुलाला दत्तक घेतलं, तेव्हा त्याचंही नाव बदललं. हाच नीरो. मुलींसाठी याचं रूप लुसिया.