स्टोलन, महाळुंग आणि बारा रात्री

प्रश्न : आमचे चिरंजीव ड्रेस्डेनला नोकरीस आहेत आणि सूनबाई तिथल्याच. त्यांच्या आजीच्या वहीतली ‘स्टोलन’ या नाताळच्या गोड पावाची कृती त्यांनी मला लिहून पाठवली आहे. तीत ‘त्सिट्रोनाट’ नावाचा जिन्नस आहे. दुकानदार म्हणतो, त्याऐवजी टुटीफ्रुटी घाला. शिवाय भाजल्यावर तीन आठवडे स्टोलन कापायचा नाही, असेही लिहिले आहे. आमच्याकडे पावाला दोन दिवसांत बुरशी येते. हे जमावे कसे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : टुटीफ्रुटी मुळीच घालू नये. ती कच्च्या पपईची असते, पाकात मुरवून रंगवलेली, आणि तिला स्वतःचा वास नसतो. त्सिट्रोनाट म्हणजे पाकवलेली महाळुंगाची साल. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती असते ते हेच फळ. त्यात रस जेमतेम निघतो, पण पिवळ्या सालीखालचा पांढरा थर चांगला जाड असतो आणि आपल्याला तोच हवा असतो. फळाचे चार भाग करून आतला आंबट गर काढून टाकावा, साल तीन-चार दिवस मिठाच्या पाण्यात ठेवावी आणि मग पाणी बदलून दोनदा उकळावी, म्हणजे तिचा कडूपणा उतरतो. त्यानंतर ती पातळ पाकात बुडवावी आणि रोज नुसता पाक काढून, थोडा आटवून, पुन्हा तिच्यावर ओतावा. आठवडाभरात साल काचेसारखी दिसू लागते. पहिल्याच दिवशी घट्ट पाकात टाकली तर ती आक्रसून चिवट होते, हे मोरावळा करणाऱ्या हातांना वेगळे सांगायला नको.

आता टिकण्याविषयी. स्टोलनला पाव म्हटल्यामुळे आपली फसगत होते. स्वभावाने तो आगोटीच्या बेगमीतला पदार्थ आहे. आपण पावसाच्या आधी डबे भरतो, तसे तिकडे बर्फ पडण्याआधी भरतात. ड्रेस्डेनच्या ठरलेल्या प्रमाणानुसार १ किलो मैद्याला किमान ५०० ग्रॅम लोणी, ६५० ग्रॅम बेदाणे, २०० ग्रॅम पाकवलेली साल आणि १५० ग्रॅम बदाम लागतात. एवढी साखर आणि एवढे लोणी असलेल्या, रमने भिजलेल्या आणि वरून लोण्यासाखरेने लिंपलेल्या पिठात बुरशीला लागणारे मोकळे पाणी फारसे उरतच नाही. मुळात मात्र हा साधा उपवासाचा पदार्थ होता. नाताळपूर्वीच्या उपवासात लोणी वर्ज्य असल्यामुळे तो तेलावर भागवावा लागे. १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्याची मुभा देणारे पत्र सॅक्सनीला धाडले, ते ‘लोण्याचे पत्र’ म्हणून प्रसिद्ध आहे. (एकादशीला साबुदाण्याची खिचडी तुपात लोळवणाऱ्यांनी यावर हसू नये.)

तरीही सूनबाईंच्या आजींनी गृहीत धरलेले थंड तळघर आपल्याकडे नाही, आणि डिसेंबरातही वेंगुर्ल्याची दुपार तिशीपार जाते. माझा रत्नागिरीतला पहिला स्टोलन मी वहीबरहुकूम पिठीसाखरेत घोळवून पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. चौथ्या दिवशी साखरेचे पाणी होऊन तळाला चिकट थारोळे साचले होते. तेव्हापासून मी एवढे बदल करते. बेदाणे आदल्या रात्री रममध्ये भिजवून, निथळून, पीठ पूर्ण मळून झाल्यावर शेवटी हलक्या हाताने मिसळते, कारण ते फुटले तर पीठ काळवंडते. भाजलेल्या स्टोलनवर तो गरम असतानाच वितळलेले लोणी दोनदा फासते आणि जाड साखर भुरभुरते. पूर्ण गार झाल्यावर लोणीकागदात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते. पिठीसाखरेचा पांढरा थर वाढायच्या दिवशीच द्यावा. तो थर म्हणजे दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू, असे मानतात. रम चालत नसेल तर संत्र्याचा रस घ्यावा, मात्र मग आठवड्याभरात संपवावा. कापताना कडेपासून न कापता मधोमध कापावा आणि हव्या तेवढ्या चकत्या काढून उरलेले दोन्ही तुकडे एकमेकांना भिडवून ठेवावेत, म्हणजे कापलेली बाजू कोरडी पडत नाही.

प्रश्न : नातीच्या जर्मन भाषेच्या वर्गात सांगितले, की नाताळ ते ६ जानेवारी या काळात तिकडे धुणे वाळत घालत नाहीत. असे का?
— एक आजी, दापोली

उत्तर : आज शहरांत हे कोणी पाळत नाही, पण बव्हेरिया आणि आल्प्सच्या खेड्यांत या बारा ‘राउनेख्टे’, म्हणजे धुराच्या रात्री, अजून ठाऊक आहेत. या रात्रींत आकाशातून भुतांची शिकार दौडत जाते, ती दोरीवरच्या कपड्यांत अडकते आणि पांढरी चादर उचलून नेली तर वर्षभरात घरातल्याच कोणाचे तरी कफन होते, अशी समजूत होती. म्हणून घरात आणि गोठ्यात धूप फिरवत. आपल्या तळकोकणातला देवचारही रात्रीच फिरतो, पण तो गावाचा राखणदार. ही शिकारी टोळी कोणाचीच नव्हे. बारा हा आकडा कुठून आला, याचा एक अर्थ आपल्याला चटकन कळेल : चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. मधले अकरा दिवस आपण साठवून अधिक महिना करतो. तिकडे ते कोणत्याच वर्षात न बसणारे दिवस आणि त्यांच्या बारा रात्री मानल्या गेल्या. या रात्रींत चरखाही बंद ठेवत, कारण फ्राउ होले सूत तपासायला येते. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या कथांतली ही म्हातारी आपली पिसांची गादी झटकते, तेव्हा पृथ्वीवर बर्फ पडतो.

प्रश्न : साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, दोनदा केला आणि दोन्ही वेळा बुळबुळीत झाला.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पुस्तकातले चार ते सहा आठवडे अठरा-वीस अंशांच्या तळघराचे आहेत. आपल्या उष्म्यात तो आठ-दहा दिवसांत होतो आणि तिथेच थांबवून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. १ किलो चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ लावून पाणी सुटेपर्यंत चांगला रगडावा आणि बरणीत दाबून भरावा. खारातल्या कैऱ्यांवर ठेवतो तसे वजन वर ठेवावे, मात्र कैऱ्यांसारखे मिठाचे पाणी ओतू नये. कोबीला सुटलेल्या पाण्यातच तो पूर्ण बुडायला हवा.