‘बी’ अक्षराची पाश्चात्य गाणी

प्रश्न : इंग्रजी ‘बी’ अक्षराने सुरू होणारी, आवर्जून ऐकावीत अशी काही पाश्चात्य गाणी सुचवाल का?

उत्तर : सर्वप्रथम बीटल्स या ब्रिटिश बँडचे १९६८ मधील ‘ब्लॅकबर्ड’ ऐकावे. पॉल मॅकार्टनी यांनी ते एकट्याने गायले असून साथीला त्यांचीच गिटार, पायाने धरलेला ठेका आणि पक्ष्याची शीळ एवढेच आहे. हेडफोन लावल्यास तो ठेका स्पष्ट ऐकू येतो आणि इतक्या मोजक्या साथीतही गाणे किती भरीव होऊ शकते, हे लक्षात येते. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) याच्या अगदी उलट आहे. सुमारे सहा मिनिटांच्या या गाण्याला ध्रुवपदच नाही; संथ गाण्यातून ऑपेरात (पाश्चात्य संगीतनाटकाच्या शैलीत) आणि तिथून थेट रॉकमध्ये ते शिरते, म्हणून पहिल्या खेपेस गोंधळायला झाले तरी ते पुन्हा जरूर ऐकावे. सायमन आणि गारफंकेल यांचे ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ (१९७०) मला सर्वांत जवळचे वाटते. पॉल सायमन यांनी लिहिलेले हे गाणे आर्ट गारफंकेल पियानोच्या साथीने हळुवार सुरू करतात आणि अखेरच्या कडव्यात सायमन यांचा स्वर त्यात मिसळतो. तालप्रधान गाणे हवे असल्यास मायकल जॅक्सन यांचे ‘बिली जीन’ निवडावे.