नवीन रॅम टाकल्यापासून जुन्या पीसीत विंडोज इन्स्टॉलच होत नाहीये, हार्ड डिस्क बदलू का?

तुमचा प्रॉब्लेम मला कळला तो असा: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, आधीची २ जीबी डीडीआर३ रॅम, तिच्या जोडीला ४ जीबीची नवीन स्टिक घातली आणि तेव्हापासून कधी डिस्प्ले येतो कधी येत नाही, आलाच तर विंडोज १० फाईली कॉपी करता करता मध्येच अडकतं आणि ८००७०५७० वाला एरर देतं. पेन ड्राईव्ह तीनदा बनवून झालाय. हार्ड डिस्कवर एक रुपयाही घालू नका हो, आधी रॅमकडे बघा.

तो एरर सांगतो की फाईल खराब आहे, वाचता येत नाही, म्हणून सगळे पेन ड्राईव्ह आणि डिस्कच्याच मागे लागतात. पण सेटअप फाईल आधी रॅममध्ये उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो, मधल्यामधे रॅमने एखादा बिट जरी बदलला तरी सेटअपला चांगली फाईलसुद्धा खराबच दिसणार.

माझ्या बहिणीच्या क्लासच्या पीसीला अगदी हेच झालं होतं, माझे दोन रविवार त्यात गेले. दुकानदार म्हणाला डीडीआर३ आहे ना, मग चालणारच. खाच बरोबर बसली, दोन्ही क्लिपा खट्‌कन लागल्या, तरी स्क्रीन काळीच. शेवटी स्टिक ट्यूबलाईटखाली धरून त्यावरचे काळे चौकोन, म्हणजे मेमरीच्या चिपा, मोजले तर एकाच बाजूला ८ आणि मागची बाजू कोरी. तिथेच घोळ होता. जी४१ ला एका चिपमध्ये २ गिगाबिटपर्यंतच झेपतं (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी), म्हणजे ४ जीबीच्या स्टिकवर १६ चिपा हव्यात, दोन्हीकडे ८-८. आता ज्या ४ जीबीच्या स्टिक मिळतात त्यांच्यावर बऱ्याचदा ४ गिगाबिटच्या ८ चिपाच असतात, त्या नंतरच्या बोर्डांवर मस्त चालतात पण या बोर्डाला त्या कळतच नाहीत. स्टिकर लावलेला असेल तर तो काढू नका, वॉरंटी जाते, कडेने तिरकं बघितलं तरी मोजता येतात.

तर आता असं करा, पीसी बंद करून केबल काढा, पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, नवीन स्टिक काढा, जुन्या स्टिकचे सोनेरी दात साध्या खोडरबरने हलकेच पुसा, स्लॉटमधली धूळ कोरड्या ब्रशने झाडा आणि एकट्या २ जीबीवर इन्स्टॉल करून बघा. झालं तर दोषी कोण ते कळलंच. तरीही अडकलं तर पेन ड्राईव्हवर मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम टाकून निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, लाल ओळ एक जरी आली तरी ती स्टिक वापरू नका, कारण अशा रॅमवर विंडोज कसंबसं चढलं तरी पुढे तुमच्याच फाईली बिघडतात आणि ते फार उशिरा लक्षात येतं.

स्टिक बदलून घेताना दुकानात स्पष्ट सांगा, "१६ चिपवाली पाहिजे". नाही मिळाली तर आहे तशीच २ जीबीची आणखी एक सेकंडहँड घ्या, तेवढ्यात काम भागतं. आणि विंडोज ६४ बिटचंच टाका, ३२ बिटमध्ये ४ जीबीपैकी सव्वातीनच्या आसपासच हाती लागते. रुफस या प्रोग्रॅममध्ये इन्स्टॉलचा पेन ड्राईव्ह बनवताना पार्टिशनच्या पर्यायात जीपीटी नाही, एमबीआर निवडा, या बोर्डांना पीसी सुरू करणारं जुनं बायोसच असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ची २४एच२ पासूनची व्हर्जन कोअर टू ड्युओवर सुरूच होत नाहीत, त्यांना लागणारी पॉपसीएनटी ही इन्स्ट्रक्शनच (प्रोसेसरला कळणारी आज्ञा) या प्रोसेसरमध्ये नाहीये, कुठलीही युक्ती केली तरी. म्हणून टॅलीसारखं काही अडत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घ्या, तिचं एक्सएफसीई हे हलकं रूप. बहिणीकडे २ अधिक २ जीबी आणि एका छोट्या एसएसडीवर तेच टाकलंय, तिथे ती लिब्रेऑफिसमध्ये मुलांच्या प्रश्नपत्रिका मराठीतून टाईप करते आणि प्रिंटरही ड्रायव्हर न शोधता लागला. इन्स्टॉल करायच्या आधी पेन ड्राईव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही.